कोनी आयलंडचे वंडर व्हील : चढू इच्छिणाऱ्यांसाठी

मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांच्या मुक्कामास अमेरिकेत गेलेली आपली वडीलधारी मंडळी न्यूयॉर्क पाहावयास निघाली म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एम्पायर स्टेटची इमारत आणि टाइम्स स्क्वेअरची रोषणाई ही तीन स्थळे कार्यक्रमपत्रिकेत ठरलेलीच असतात. परंतु त्याच शहरात, ब्रुकलिनच्या दक्षिण किनाऱ्यावर, जेथे रेल्वेच्या चार मार्गांचे रूळ संपतात आणि पुढे वाळू व अटलांटिक महासागर यांखेरीज काही उरत नाही, तेथे १९२० सालापासून फिरत असलेले एक पोलादी चाक या पत्रिकेत क्वचितच स्थान मिळविते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘वंडर व्हील’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा आकाशपाळणा दीडशे फूट उंच आणि सुमारे दोनशे टन वजनाचा असून त्याला चोवीस डबे आहेत व एका वेळी एकशे चव्वेचाळीस माणसे त्यात बसू शकतात. हे आकडे आजच्या मानाने डोळे दिपविणारे नाहीत. लंडनच्या टेम्स नदीकाठचे चाक याच्या जवळजवळ तिप्पट उंच आहे. तथापि ज्याला यंत्राची रचना आणि तिच्यामागचे माणसांचे कष्ट समजून घेऊन त्यावर बसण्याची आवड आहे, त्याला वंडर व्हीलइतका आनंद दुसरे चाक देईल असे मला वाटत नाही. मात्र तो आनंद पदरात पडावयाचा असेल तर चढण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्या ठाऊक नसल्यामुळे आनंदाऐवजी भीतीच घेऊन खाली उतरणारी माणसे तेथे दर दिवशी दिसतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डब्यांच्या निवडीची आहे, आणि ती निवड तिकीट घेतल्यावर, रांगेत उभे राहतानाच करावी लागते. या चाकाचे चोवीस डबे एकाच जातीचे नाहीत. त्यांतील आठ पांढरे डबे चाकाच्या बाहेरील कडेला कायमचे टांगलेले असून, कोणत्याही सामान्य आकाशपाळण्यातील डब्यांप्रमाणे ते चाकाबरोबर वर जातात व खाली येतात. उरलेले सोळा लाल-निळे डबे मात्र कडेला जखडलेले नाहीत. चाकाचा मध्य आणि कड यांच्या दरम्यान नागमोडी वळणाचे रूळ बसविलेले आहेत आणि हे डबे त्या रुळांवर मोकळे धावतात. चाक फिरू लागले की त्याच्याबरोबर रूळही हळूहळू कलतो. कल एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे डबा आपल्याच भाराने उताराकडे घरंगळत सुटतो, रुळाच्या टोकाशी येऊन अडतो, आणि अडल्याबरोबर त्याचा वेग झोक्यात परिणत होऊन तो कितीतरी वेळ पुढेमागे हेलकावत राहतो. डबा ओढणारी साखळी नाही की ढकलणारा दट्ट्या नाही. चाक फिरविण्यासाठी जेवढी शक्ती लागते तेवढीच यंत्राची, बाकीचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. चार्ल्स हर्मन या कल्पक गृहस्थाने आकाशपाळण्याची संथ उंची आणि उतारावरून सुटणाऱ्या गाडीचा थरार एकाच यंत्रात आणण्याचा जो विचार केला, त्याचे हे फळ; आणि इतक्या साध्या तत्त्वावर इतका विलक्षण परिणाम साधणाऱ्या रचना मनोरंजनाच्या यंत्रांत फार थोड्या असतील.

प्रवेशापाशी दोन रांगा असतात, एक ‘स्विंगिंग’ डब्यांची आणि दुसरी ‘स्टेशनरी’ डब्यांची. घाईघाईने जी रांग लहान दिसेल तीत उभे राहण्याची आपली सवय येथे सोडून द्यावी. ज्यांना मानेचा किंवा पाठीच्या मणक्याचा विकार आहे, ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, ज्यांना हृदयविकार अथवा चक्कर येण्याचा त्रास आहे, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी झोके घेणाऱ्या डब्याचा विचारही करू नये. त्यांपैकी कोणाला मुळात चाकावर चढण्याविषयीच शंका असेल तर ती आपल्या डॉक्टरांकडून आधीच निवारून घ्यावी. साठी उलटलेल्या निरोगी माणसाने पांढऱ्या डब्यात बसण्यात काही कमीपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. उलट ज्याला उंचीवरून अखंड देखावा पाहावयाचा आहे, त्याच्यासाठी बाहेरील कडेचा हा स्थिर डबाच श्रेयस्कर होय. कारण झोके घेणाऱ्या डब्यात बसलेल्याचे अर्धे लक्ष पुढचा घसरता क्षण केव्हा येतो याकडेच लागलेले असते, आणि समुद्र पाहण्यास जे स्वस्थ चित्त लागते ते त्याच्यापाशी उरत नाही. कुटुंबात तरुण आणि वृद्ध दोन्ही असतील तर एकत्र बसण्याचा हट्ट न धरता दोन रांगा करून खाली पुन्हा भेटण्याची तजवीज करावी. ‘सगळे एकत्रच बसू या’ या प्रेमळ आग्रहापायी आईला झोक्याच्या डब्यात घालणारे चिरंजीव चुकीचे वागतात असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आता, ज्यांनी जाणूनबुजून झोक्याचा डबा पत्करला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. माणसे चढविताना चाक थांबत थांबत पुढे सरकते, त्यामुळे प्रारंभी काही काळ काहीच घडत नाही. डबा शांतपणे वर जात असतो, खालचे आवाज मंदावत असतात, आणि नवखा मनुष्य ‘एवढेच काय ते?’ असे म्हणण्याच्या बेतात असतो. नेमक्या त्या वेळी रुळावर चाके गडगडल्याचा आवाज होतो, पायाखालचा आधार सरकल्यासारखा वाटतो, आणि सबंध डबा पोकळीच्या रोखाने धावत सुटतो. पुढे रूळ संपलेला दिसत असूनही डबा थांबत नाही असे त्या क्षणी वाटते. तो थांबतो, परंतु थांबता थांबता असा झुलतो की क्षणभर समोर फक्त आकाश आणि दुसऱ्या क्षणी फक्त जमीन दिसावी. ही पहिली घसरण म्हणजेच या चाकाचे सर्वस्व आहे. ती येणार हे आधी ठाऊक असले म्हणजे तिचा धक्का कमी होतो, गोडी मात्र तसूभरही कमी होत नाही. तिच्यासाठी पाय डब्याच्या तळाशी घट्ट रोवावेत, पाठ टेकून बसावे, हात दांडीवर असावा, आणि दृष्टी आपल्या गुडघ्यांकडे न ठेवता दूर क्षितिजरेषेकडे लावावी. मळमळ होणाऱ्यांना या एका उपायाने पुष्कळ आराम पडतो. डबा स्वतःहून हलविण्याचा, उभे राहण्याचा किंवा शेजारच्याला घाबरविण्यासाठी झोका वाढविण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तो नियमाच्या विरुद्ध आहे, आणि शंभर वर्षांच्या यंत्राशी वागताना नियमाबाहेरही काही मर्यादा पाळावी लागते.

पोशाखाविषयी विशेष सांगावयास हवे असे नाही, परंतु साडीचा पदर व ओढणी नीट खोचून घ्यावी, पायांत पट्ट्याची किंवा बंदाची पादत्राणे असावीत, आणि चष्मा सैल असेल तर त्याला दोरी लावावी. डबे जाळीने बंदिस्त आहेत. त्या जाळीतून बोटे किंवा फोन बाहेर काढून छायाचित्र टिपण्याचा मोह टाळावा. चढण्यापूर्वी भरपेट खाऊ नये. रेल्वे स्थानकाबाहेर पडताच सर्फ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ‘नेथन्स’चे १९१६ सालापासूनचे दुकान लागते आणि तेथील तळणाचा वास येणाऱ्याजाणाऱ्यास थांबवितो, हे खरे, तरी तो पाहुणचार उतरल्यावर घ्यावा.

हे चाक कसे उभे राहिले आणि कसे टिकले याची हकीकत मी केवळ ज्ञानवृद्धीसाठी सांगत नाही. इतक्या जुन्या यंत्रावर आपला जीव सोपवावा काय, हा प्रश्न प्रत्येक विचारी माणसाच्या मनात येतो आणि यावयास पाहिजे. त्याचे उत्तर या हकीकतीत आहे. १९१८ ते १९२० या काळात बेथलेहेम कंपनीच्या पोलादातून हे चाक जागेवरच जुळविण्यात आले आणि १९२० च्या मेअखेरीस लोकांसाठी खुले झाले. ज्या जॉर्ज फेरिसच्या नावाने सारे जग अशा चाकांना ओळखते, त्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभारलेले चाक दोनशे चौसष्ट फूट उंच होते, एका वेळी दोन हजारांहून अधिक माणसे त्यात बसत. परंतु प्रदर्शन संपले, त्याचा वाली कोणी उरला नाही, आणि सेंट लुईस येथे हलविल्यावर १९०६ साली सुरुंगाने ते उडवून देण्यात आले. कोनी आयलंडवरही ड्रीमलँड हे भव्य उद्यान १९११ साली जळाले, लूना पार्कची १९४४ साली तीच गत झाली, आणि स्टीपलचेस १९६४ साली कायमचे बंद पडले. या सर्व पडझडीत वंडर व्हील उभे राहिले याचे कारण दैव नव्हे. त्याचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांनी त्याची निगा एक दिवसही दुसऱ्यावर टाकली नाही, हेच ते कारण होय.

प्रारंभापासून हर्मन गार्म्स यांनी आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव फ्रेड यांनी हे चाक सांभाळले. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क शहराची वीज एकाएकी गेली तेव्हा चाकावर माणसे होती. त्या प्रसंगी चाक हातांनी फिरवून एकेक डबा खाली आणण्यात आला व सर्वांना सुखरूप उतरविण्यात आले. वीज नसतानाही माणसाच्या बळावर फिरू शकेल अशी ही रचना आहे आणि तिचा उपयोग करावयास जाणती माणसे तेथे हजर होती, या दोन गोष्टींपेक्षा अधिक बोलके प्रमाणपत्र कोणत्या खात्याने द्यावे? पुढे १९८३ साली गार्म्स कुटुंबाने हे चाक डेनोस वूर्देरिस यांना अडीच लाख डॉलर्सला विकले. वूर्देरिस हे ग्रीसमधून आलेले, किनाऱ्यावर हॉट डॉग विकून संसार उभा केलेले गृहस्थ. १९४८ साली त्यांनी आपल्या भावी पत्नीला, लूला यांना, लग्नाची भेट म्हणून एक दिवस हे चाकच विकत घेऊन देईन असे वचन दिले होते, आणि पस्तीस वर्षांनी ते त्यांनी पाळले. १९८९ साली नगराच्या वारसास्थळ आयोगाने चाकाला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. डेनोस १९९४ साली निवर्तले, परंतु चाकाची जबाबदारी त्यांच्या मुलांनी आणि नंतर नातवंडांनी पत्करली. चाकाभोवतीच्या उद्यानाला आजही ‘डेनोज’ हेच नाव आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने समुद्राचे खारे पाणी या सगळ्या भागात घुसविले, तरी पुढच्या वसंतात चाक नेहमीच्या वेळी फिरू लागले. शताब्दीचा २०२० चा हंगाम तेवढा महामारीमुळे बुडाला आणि सोहळा एक वर्ष लांबला.

समुद्राची खारी हवा पोलादाची हाडवैरी असते, हे कोकणच्या किनाऱ्यावर लोखंडी खिडक्यांचे गज गंजताना पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच या चाकाचा हंगाम आणि त्याची विश्रांती या दोहोंचा हिशेब प्रवासाचा बेत आखताना ध्यानात घेतला पाहिजे. साधारणपणे मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, ईस्टरपूर्वीच्या पाम संडेच्या सुमारास, पाळण्यांना आशीर्वाद देण्याचा छोटासा धार्मिक विधी होऊन हंगाम सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत चालतो. हंगामाच्या दोन्ही टोकांना चाक बहुधा शनिवार-रविवारीच चालू असते. मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरारंभीच्या लेबर डेपर्यंत ते रोज फिरते. हिवाळ्याचे महिने तपासणी, डागडुजी आणि रंगकाम यांचे असतात. डिसेंबरात नाताळाच्या सुट्टीत गेलेल्यांना ते बंदच दिसेल. वादळी वारा किंवा विजांचा कडकडाट असेल तर भर हंगामातही चाक थांबविले जाते. अशा वेळी तेथील सेवकांशी हुज्जत घालू नये. ज्या सावधपणामुळे हे यंत्र आजवर टिकले, त्याच सावधपणाचा तो भाग आहे.

तेथे पोहोचणे सोपे आहे. मॅनहॅटनमधून डी, एफ, एन किंवा क्यू यांपैकी कोणतीही गाडी धरून शेवटच्या, म्हणजे कोनी आयलंड–स्टिलवेल अव्हेन्यू या स्थानकावर उतरावे. सुमारे एक तास लागतो. भाडे फोनने किंवा बँकेच्या कार्डाने फाटकापाशीच देता येते. ब्रुकलिनमध्ये काही अंतर गेल्यावर गाडी जमिनीवरून, पुष्कळ अंतर उंचावरून धावते, आणि अखेरच्या टप्प्यात घरांच्या छपरांवरून ते चाक दिसू लागते, म्हणून शक्य तर खिडकीजवळ बसावे. न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूस राहणारी आपली कुटुंबे बहुधा मोटारीने स्टॅटन आयलंड ओलांडून व्हेराझानो-नॅरोज पुलावरून येतात. तो मार्ग रमणीय असला तरी पुलांचा कर चुकत नाही, आणि जुलैतल्या रविवारी मोटार उभी करण्यास जागा मिळविण्यातच निम्मा उत्साह खर्ची पडतो. सोबत वृद्ध मंडळी असतील तर त्यांना उद्यानापाशी उतरवून मगच जागेच्या शोधात जावे. ४ जुलैचा राष्ट्रीय सण आणि जूनमधील जलपरींची मिरवणूक हे दिवस गर्दीचे असतात. गर्दी हाच ज्यांचा विरंगुळा आहे त्यांनी तेव्हा खुशाल जावे. चाक नीट अनुभवावयाचे असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जाणे उत्तम.

उद्यानात शिरण्यास पैसे पडत नाहीत, प्रत्येक पाळण्याचे मूल्य निराळे भरावे लागते. येथे एक फसगत टाळावी. शेजारचे, २०१० साली सुरू झालेले नवे लूना पार्क आणि डेनोजचे उद्यान यांची मालकी वेगवेगळी आहे. एकाचे तिकीट दुसऱ्यास चालत नाही. १९२७ सालची प्रसिद्ध ‘सायक्लोन’ ही लाकडी रुळांची घसरगाडी लूना पार्कच्या ताब्यात आहे, वंडर व्हील डेनोजच्या. खिडकीपाशी पैसे देण्यापूर्वी आपण कोणाच्या खिडकीशी उभे आहोत एवढे विचारून घ्यावे. लहान मुलांच्या उंचीविषयीचे आणि सोबतच्या मोठ्या माणसाविषयीचे नियम प्रवेशाशीच लावलेले असतात; ते वाचल्याशिवाय मुलाला ‘आता तुला वर नेतो’ असे कबूल करू नये, कारण ऐन फाटकातून परत फिरलेल्या मुलाची समजूत घालणे फार कठीण जाते.

वेळेविषयी माझे मत असे की दुपारचे चाक टाळावे. कोनी आयलंडचा किनारा दक्षिणाभिमुख आहे. त्यामुळे मध्यान्हीच्या सुमारास समुद्रावरून येणारी चकाकी डोळ्यांस सहन होत नाही आणि सारा देखावा पांढुरका दिसतो. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे झुकून उशिरा मावळतो, म्हणून मावळतीपूर्वीचा तास सर्वांत चांगला. त्या वेळी प्रकाश तिरपा असतो व चहूदिशांना दृष्टी पोहोचते. दक्षिणेस अथांग अटलांटिक. पूर्वेकडे सायक्लोनचा पांढरा सापळा आणि त्याच्या पलीकडे रॉकवेची वाळूची लांब पट्टी. पश्चिमेस १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला आणि १९४१ साली येथे आणलेला पॅराशूट जंपचा मनोरा, जो आता चालत नाही परंतु दिव्यांनी उजळला जातो. वायव्येकडे १९६४ सालचा व्हेराझानो-नॅरोज पूल, ज्याच्या खालून न्यूयॉर्क बंदरात शिरणारी मोठी जहाजे जातात. आणि उत्तरेकडे ब्रुकलिनच्या असंख्य छपरांपलीकडे मॅनहॅटनच्या मनोऱ्यांची रांग. हवा स्वच्छ असेल तर नैऋत्येस न्यू जर्सीचा किनाराही दिसतो. खाली पाहिले तर १९२३ साली खुला झालेला, लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक नावाचा रुंद पदपथ आणि त्यावरून चालणारी जगातल्या सर्व वर्णांची, सर्व भाषांची माणसे दिसतात. पाच सेंट भाड्याच्या रेल्वेने ज्या गरीब कामकरी न्यूयॉर्ककरांना हा समुद्र पहिल्यांदा दाखविला, त्यांचीच ही जागा, हे वरून पाहताना चांगले कळते.

ज्यांनी पहिल्यांदा पांढरा डबा घेतला आणि ज्यांची प्रकृती धडधाकट आहे, त्यांनी खाली आल्यावर थोडे थांबून, झोक्याचा डबा एकदा उताराने सुटताना नीट पाहावा आणि मग वाटल्यास दुसऱ्या रांगेत उभे राहावे. हा क्रम मला सर्वांत चांगला वाटतो. आधी यंत्र समजते आणि मागाहून त्याचा अनुभव येतो, त्यामुळे घसरणीच्या क्षणी भीती वाटली तरी ती आंधळी राहत नाही.

चाकावरून उतरल्यावर लगेच रेल्वेकडे वळू नये. चाकाच्या पायथ्याशीच, वेस्ट बाराव्या रस्त्यावर, कोनी आयलंड हिस्ट्री प्रोजेक्ट या संस्थेचे छोटे प्रदर्शन-दालन आहे. २००४ साली स्थापन झालेली ही संस्था या किनाऱ्याशी संबंधित माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून जतन करते. दालनात स्टीपलचेस उद्यानातील जुना लाकडी घोडा आणि १८२३ सालची, कोनी आयलंडकडे येणाऱ्या रस्त्याच्या कराचे दर सांगणारी पाटी पाहावयास मिळते. प्रवेश विनामूल्य असतो. हंगामात शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी ते बहुधा उघडे असते. म्हणून ज्यांना दालन आणि चाक दोन्ही पाहावयाची आहेत त्यांनी मधल्या वाराचा आग्रह सोडून शनिवार धरावा, दालन आधी पाहून घ्यावे, आणि ऊन उतरल्यावर रांगेत उभे राहावे.